दोन घरचा पाहुणा

प्रति,
मा. अध्यक्ष, सरचिटणीस आणि कार्यकारिणी,
ईस्ट बंगाल क्लब, कोलकाता मैदान;
तसेच क्लबचे भागीदार, इमामी उद्योगसमूह.

जून २०२५



२९ जानेवारी २०२२ ची रात्र. मडगावजवळचं फातोर्डा स्टेडियम. दिवे झगझगीत, हिरवळ लख्ख आणि खुर्च्या सगळ्या रिकाम्या, कारण करोनामुळे त्या वर्षीची इंडियन सुपर लीग गोव्यातच बंद दाराआड चालली होती. सामना मात्र भारतीय फुटबॉलमधला सगळ्यात जुन्या वैराचा होता: ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान. दुसऱ्या सत्रात डॅरन सिडोलने ईस्ट बंगालला आघाडी मिळवून दिली. त्यानंतर बागानने एकवीस वर्षांच्या एका पोराला बदली म्हणून मैदानात उतरवलं. आल्या आल्या त्याने बरोबरी साधली आणि भरपाई वेळेत आणखी दोन गोल मारले. सामना ३-१ असा फिरला.

त्या पोराचं नाव कियान नासिरी. कोलकात्यात आणि कोलकात्याबाहेरही ज्यांना फुटबॉलची आठवण आहे त्यांना हे आडनाव सांगावं लागत नाही. १९८० साली ईस्ट बंगालच्या लाल-सोनेरी जर्सीत जे दोन इराणी तरुण आले आणि ज्यांनी मैदान वेडं केलं, त्या मजीद बिश्कर आणि जमशीद नासिरी या जोडीतल्या जमशीदचा हा मुलगा. ईस्ट बंगालच्या घरचं रक्त, कोलकात्याच्याच मातीत वाढलेलं, आणि ते बहरलं पलीकडच्या तंबूत.

त्या रात्रीचा पराभव हा अपघात असता, तर हे पत्र लिहिण्याचं कारण नव्हतं. सुपर लीगमध्ये आल्यापासून पाच हंगामांत या दोन क्लबांत दहा सामने झाले. ईस्ट बंगाल त्यातले नऊ हरला आणि एक बरोबरीत सुटला. विजय एकही नाही. लीगच्या तक्त्यातलं स्थान बघावं तर नववं, अकरावं, नववं, नववं, नववं. पाच हंगामांत १०६ सामने, २४ विजय, २७ बरोबऱ्या, ५५ पराभव; एकूण गुण ९९. शेजारच्या मोहन बागानने २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोनच हंगामांत, ४६ सामन्यांत १०४ गुण मिळवले. ईस्ट बंगालची पाच वर्षांची कमाई बागानच्या दोन वर्षांच्या कमाईपेक्षा कमी भरते, हे वाक्य लिहिताना हात जड होतो. आपल्यालाही ते वाचताना जड जाईल, याची जाणीव आहे.

कोलकात्यातल्या क्लबच्या दुखण्यावर मराठीतून पत्र का, असं कुणी विचारेल. मुंबईतल्या कुपरेजच्या गवताला विचारावं. मुंबईकरांच्या एका पिढीने कोलकात्याचं फुटबॉल रोव्हर्स चषकात पाहिलं आणि तो चषक ईस्ट बंगालने दहा वेळा नेला. कोल्हापुरात तर पेठांच्या आणि तालमींच्या संघांसाठी आजही घरातली माणसं दोन बाजूंना बसतात. तिथल्या माणसाला मैदानातली खुन्नस समजावून सांगावी लागत नाही. आणि २००३ मध्ये जकार्तात आसियान क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यात बीईसी तेरो सासाना या थायलंडच्या बलाढ्य संघाला ईस्ट बंगालने ३-१ ने हरवलं, तेव्हा गोल करणाऱ्यांत गोव्याचा आल्विटो डिकुन्हा होता. हा क्लब बंगालचा आहे, पण भारतीय फुटबॉलवर जीव असणाऱ्या प्रत्येकाचा त्याच्यावर थोडा हक्क आहे.

मुद्दा संधीचा आहे. गेल्या पाच वर्षांत ईस्ट बंगालला इतरांपेक्षा काय कमी मिळालं? लीग तीच. खेळाडूंच्या पगारखर्चाला मर्यादा सगळ्यांना एकच. २०२१-२२ पासून मैदानात एका वेळी चारच परदेशी खेळाडू, हा नियम सगळ्यांना. खाली घसरून लीगबाहेर जाण्याची भीती कुणालाच नव्हती. पहिले दोन हंगाम सगळे संघ गोव्यातल्या हॉटेलांत कोंडलेले होते, त्यामुळे घरच्या मैदानाचा फायदाही कुणाला नव्हता. पुढे घरचं मैदान मिळालं तेही बागानचंच, सॉल्ट लेकचं विवेकानंद युवा भारती क्रीडांगण. शहर एक, हवा एक, चिखल एक.

गुणवत्ता कमी पडली म्हणावं, तर तेही खरं नाही. २०२२-२३ मध्ये ब्राझीलच्या क्लेटन सिल्वाने बारा गोल केले. लीगमध्ये त्याच्यापेक्षा जास्त गोल कुणाचेच नव्हते, त्याच्या बरोबरीचे फक्त दोघे. संघाच्या एकूण गोलांपैकी निम्म्याहून अधिक त्याच्या एकट्याचे. त्याच संघात नाओरेम महेश सिंगसारखा चपळ, डोकं वर ठेवून खेळणारा भारतीय विंगर होता. तरी संघ नववा. २०२४ च्या उन्हाळ्यात आदल्या हंगामात सर्वाधिक, तेरा गोल करणारा दिमित्रिओस डायमांटाकोस केरळकडून आला; त्याच हंगामात सर्वाधिक गोल रचून देणारा मदिह तलाल पंजाबकडून आला; भारतीय संघातले अन्वर अली आणि जीक्सन सिंग आले. कागदावर हा संघ कुणालाही हेवा वाटावा असा होता. आणि हा संघ सुपर लीगमधले पहिले सहाच्या सहा सामने हरला.

असं का होतं?

सोपं उत्तर प्रशिक्षकाकडे बोट दाखवतं. पाच हंगामांत सहा मुख्य प्रशिक्षक झाले: रॉबी फाउलर, मानोलो डियाझ, मारिओ रिव्हेरा, स्टीफन कॉन्स्टंटाइन, कार्लेस क्वाद्रात, ऑस्कर ब्रुझोन. मधल्या फटी रेनेडी सिंग आणि बिनो जॉर्ज यांनी भरून काढल्या. पण प्रशिक्षक बदलल्यानेच संघ बुडतो, असं म्हणता येत नाही. बागाननेही डिसेंबर २०२१ मध्ये आंतोनिओ हबास यांना हंगामाच्या मध्यात घालवून हुआन फेरांदो यांना आणलं, जानेवारी २०२४ मध्ये फेरांदोंना घालवून पुन्हा हबासना बोलावलं, आणि त्याच हंगामात लीगची ढाल, म्हणजे साखळीत अव्वल राहण्याचा मान, जिंकली. मुंबई सिटीची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. २०१४ मध्ये जन्मलेला हा क्लब. ना शतकाची परंपरा, ना फाळणीची जखम, ना वडिलांनी मुलाच्या हातात दिलेला झेंडा. पण २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने त्यात मोठा हिस्सा घेतला आणि पुढच्याच मोसमात सर्जिओ लोबेरा यांच्या हाताखाली मुंबईने ढाल आणि चषक दोन्ही नेले. लोबेरा गेले, डेस बकिंगहॅम आले. २०२२-२३ मध्ये पुन्हा ढाल. बकिंगहॅम हंगामाच्या मध्यात इंग्लंडला गेले, पीटर क्रॅट्की आले. २०२३-२४ चा चषक मुंबईने बागानला त्याच्याच सॉल्ट लेकवर ३-१ ने हरवून नेला. बकिंगहॅम आणि क्रॅट्की दोघेही याच समूहाच्या मेलबर्न सिटीत सहायक म्हणून काम केलेले. माणूस बदलत होता, खेळण्याची रीत बदलत नव्हती. कोणत्या धाटणीचा खेळाडू हवा आणि कोणता नको, हे प्रशिक्षक येण्याआधीच ठरलेलं होतं.

ईस्ट बंगालमध्ये नेमकं हेच कुणी ठरवायचं, हे पाच वर्षांत ठरलेलं नाही.

२०१८ मध्ये क्वेस कॉर्प ही कंपनी सत्तर टक्के हिस्सा घेऊन आली. पहिल्याच हंगामात आलेहान्द्रो मेनेंदेझ यांचा संघ आय-लीगमध्ये दुसरा आला. विजेत्या चेन्नई सिटीचे ४३ गुण, ईस्ट बंगालचे ४२. एका गुणाने हुकलेलं ते विजेतेपद पुढच्या वर्षीची पायरी ठरू शकलं असतं. पण जुनी कार्यकारिणी आणि नवी कंपनी यांचं जमलं नाही आणि २०२० च्या मे महिन्याअखेर क्वेस बाहेर पडली. सप्टेंबरमध्ये मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांच्या मध्यस्थीने श्री सिमेंट आली. ऑक्टोबरमध्ये फाउलर नेमले गेले. २७ नोव्हेंबरला सुपर लीगमधला पहिला सामना, तोही बागानशी, वास्कोच्या टिळक मैदानावर. एकमेकांची नावं नीट पाठ होण्याआधी संघ मैदानात उतरला होता. पहिला विजय आठव्या सामन्यात मिळाला.

त्या वर्षाची सबब मान्य करायला हवी. नव्या लीगमध्ये पाय ठेवताना कुणालाही ठेच लागते. पण पुढच्याच वर्षी काय झालं? अंतिम करारावर सही करायची की नाही, यावरून कार्यकारिणी आणि कंपनी महिनोन्महिने अडून बसल्या. २१ जुलै २०२१ रोजी क्लबच्या तंबूबाहेर समर्थक जमले, आपसांत भिडले, पोलिसांनी लाठ्या चालवल्या. ज्यांनी तिकिटासाठी पावसात रांगा लावल्या त्यांच्याच पाठीवर त्या दिवशी वळ उठले. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा मुख्यमंत्र्यांनी मध्यस्थी केली, एका हंगामापुरती तडजोड झाली, आणि खेळाडू घेण्याची मुदत संपायला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके दिवस उरले. त्या दिवसांत जे मिळाले ते घेतले. वीस सामन्यांत एक विजय. तो बाराव्या सामन्यात, जानेवारीत, एफसी गोवाविरुद्ध. लीगमध्ये सगळ्यात शेवटचा क्रमांक.

मग श्री सिमेंट गेली. २०२२ च्या मे महिन्यात इमामीचं नाव जाहीर झालं, पण करारावर सह्या झाल्या २ ऑगस्टला. ड्युरांड चषक त्याच महिन्याच्या मध्यावर सुरू झाला. तिसऱ्यांदा तीच गत. तहान लागल्यावर विहीर खणायची आणि पाणी लागेपर्यंत हंगाम संपायचा.

ऑगस्टमध्ये गोळा केलेल्या संघाला काय होतं, ते १८ नोव्हेंबर २०२२ रोजी सॉल्ट लेकवर दिसलं. मध्यंतराला ईस्ट बंगाल ओडिशाविरुद्ध २-० ने पुढे होता. सामना संपला तेव्हा फलक होता २-४. चांगले खेळाडू पंचेचाळीस मिनिटं चांगलं खेळू शकतात, ते त्यांच्या अंगात असतं. नव्वद मिनिटं एकत्र खेळायला मात्र एकमेकांच्या सवयी ठाऊक असाव्या लागतात: बचावपटू पुढे सरकला की मागची जागा कोण धरतो, आघाडीवर असताना चेंडू कुणाकडे ठेवायचा, दमछाक झाल्यावर आरडाओरडा करून सगळ्यांना जागेवर कोण आणतो. हे फळ्यावर शिकवून येत नाही. एका उन्हाळ्यात तर नाहीच.

मराठीत म्हणतात, दोन घरचा पाहुणा उपाशी. या घरच्यांना वाटतं तिकडे जेवला असेल, त्या घरच्यांना वाटतं इकडे. ईस्ट बंगालचा संघ पाच वर्षं असा उपाशी राहिला आहे. खेळाडू निवडण्यात कार्यकारिणीचा हात असतो, पैसे देण्यात भागीदाराचा. संघ जिंकला की दोन्ही घरं पुढे येतात आणि हरला की प्रशिक्षकाची बॅग भरली जाते. जबाबदारीचं एक नाव, एक खुर्ची, एक सही नाही.

इथे आपली बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. ईस्ट बंगाल ही कुणा उद्योगपतीने काढलेली कंपनी नाही. १९२० मध्ये शैलेश बोस नावाच्या खेळाडूला जोराबागान क्लबने मोहन बागानविरुद्धच्या सामन्यातून वगळलं. त्या अन्यायावर सुरेशचंद्र चौधुरी त्या क्लबचं उपाध्यक्षपद सोडून बाहेर पडले आणि त्यांनी साथीदारांसह १ ऑगस्टला नवा क्लब उभा केला. नाव दिलं आपल्या मुलखाचं, पूर्व बंगालचं. पुढे सत्तावीस वर्षांनी तो मुलूखच परका झाला. घरदार, शेत, तळं, नदीकाठ मागे टाकून आलेल्या लाखो माणसांना या शहरात आपलं म्हणावं असं जे थोडं उरलं, त्यात हा क्लब होता. त्या नावावरचा हक्क एखाद्या कंपनीच्या कागदावर लिहून देताना आपला हात थरथरला असेल, तर त्यात लोभच होता असं कुणी म्हणू नये. बागानने २०२० मध्ये आरपीएसजी समूहाला ऐंशी टक्के हिस्सा देऊन टाकला तेव्हा त्याची किंमत मोजलीच: क्लबच्या नावाआधी त्या समूहाच्या जुन्या संघाची, एटीके ही तीन अक्षरं लागली आणि ती काढून टाकण्यासाठी बागानचे समर्थक २०२३ पर्यंत झगडत राहिले. शेवटी ती निघाली.

पण बागानचा निर्णय झाला, हेही तितकंच खरं. तो चुकीचा होता की बरोबर, यावर वाद घालायला त्यांना सवड मिळाली, कारण तेवढ्या काळात मैदानावरचं काम थांबलं नाही. शुभाशिष बोस, मनवीर सिंग, गोव्याचा लिस्टन कुलासो हे खेळाडू वर्षानुवर्षं एकत्र राहिले. प्रशिक्षक आले-गेले तरी संघाचा कणा तोच होता. ईस्ट बंगालने ना पूर्ण दिलं, ना पूर्ण राखलं. सदस्यांच्या मालकीचा क्लब म्हणून आपल्या ऐपतीत राहून, तरुण पोरं घडवत हळूहळू चढत जाण्याचा मार्ग होता. तोही सन्मानाचा होता. दोन्हींच्या मध्ये उभं राहण्यात पाच उन्हाळे गेले.

वेळ मिळाला की हाच क्लब काय करतो, याचा पुरावा आपल्या डोळ्यांसमोर आहे. २०२३ मध्ये क्वाद्रात एप्रिलमध्येच नेमले गेले. पहिल्यांदा पूर्ण उन्हाळा मिळाला. १२ ऑगस्टला ड्युरांडमध्ये नंदकुमार सेकरच्या गोलवर बागान हरला. साडेचार वर्षांनी मिळालेला तो विजय. संघ त्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत गेला. जानेवारी २०२४ मध्ये भुवनेश्वरला सुपर कपमध्ये बागानला पुन्हा ३-१ ने हरवलं आणि २८ तारखेला ओडिशाला त्यांच्याच अंगणात, जादा वेळेत ३-२ ने. विजयी गोल क्लेटनचा. बारा वर्षांनी राष्ट्रीय चषक आला. त्या रात्री कोलकात्यात जे पेटले ते फटाके खरे होते, ते डोळ्यांतलं पाणीही खरं होतं.

आणि त्या चषकाच्या पाठोपाठच काय झालं? बदल्यांची मुदत संपायच्या आत बोर्खा हेरेरा उसना म्हणून एफसी गोवाकडे गेला, सुपर कपच्या उपांत्य सामन्यात गोल करणारा हावियर सिवेरिओ जमशेदपूरकडे. जिंकलेला संघ जिंकल्या जिंकल्या उसवला. त्या वेळी त्यामागे काही हिशेब असेल, दुखापती असतील, पगाराचं गणित असेल. पण पुढच्या हंगामात, २७ सप्टेंबर २०२४ रोजी, तोच हेरेरा गोव्याच्या जर्सीत सॉल्ट लेकवर आला आणि ईस्ट बंगालविरुद्ध तीन गोल मारून गेला. निकाल ३-२. तीन दिवसांनी क्वाद्रात यांनी पद सोडलं. कियान नासिरीची रात्र आणि हेरेराची रात्र या दोन रात्री आपल्या बैठकीच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. दोन्ही वेळा ईस्ट बंगालच्या वर्तुळातलं माणूस दुसऱ्या रंगात येऊन जिंकून गेलं.

छोट्या स्पर्धेत जिंकणारा आणि लीगमध्ये नवव्या क्रमांकावर अडकणारा हा संघ एका जुन्या सवयीचंही फळ आहे. कोलकात्याने फुटबॉलचं मोजमाप नेहमी एका दिवसात केलं. १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्याला सॉल्ट लेकवर १,३१,७८१ माणसं होती. अमल दत्त यांच्या बागानची ‘डायमंड’ व्यूहरचना पी. के. बॅनर्जींच्या ईस्ट बंगालने ४-१ ने मोडली आणि बायचुंग भुतियाने तीन गोल केले. त्या दिवसाची गोष्ट आजही सांगितली जाते, सांगितली जावी. पण लीग अशा दिवसांनी जिंकली जात नाही. ती फेब्रुवारीतल्या एखाद्या बुधवारी, परगावात, अर्ध्या भरलेल्या स्टेडियममध्ये, १-० ने जिंकली जाते. बागानला हरवलं की वर्षाचं सोनं झालं, ही भावना समर्थकाला शोभते. कार्यकारिणीचा हिशेब तिच्यावर चालू नये.

याच क्लबच्या इतिहासात दुसरी सवयही आहे, आणि ती जास्त जुनी आहे. आपल्याच खुर्चीवर एकेकाळी ज्योतिषचंद्र गुहा बसत. त्यांनी दक्षिण भारत धुंडाळून खेळाडू आणले: व्यंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान, सालेह. हे पाच जण ‘पंचपांडव’ म्हणून ओळखले गेले आणि १९४९ ते १९५३ अशी वर्षं एकत्र खेळले. १९४९, ५० आणि ५१ अशी सलग तीन वर्षं आयएफए शील्ड आली. पूर्व बंगालचं नाव लावणाऱ्या क्लबने आपली आघाडीची फळी सगळीच्या सगळी दक्षिणेतून उभी केली, आणि बंगालने त्या पाचांना डोक्यावर घेतलं. १९७० ते ७५ सलग सहा वर्षं कोलकाता लीग. त्यातली शेवटची चार वर्षं पी. के. बॅनर्जी प्रशिक्षक. सहाव्या वर्षी, ३० सप्टेंबर १९७५ ला शील्डच्या अंतिम सामन्यात बागानवर ५-० असा विजय. ते पाच गोल एका दुपारचे दिसतात, पण त्यांच्यामागे चार वर्षं एकाच माणसाचा आवाज होता.

२००३ च्या आसियान विजयाचंही तेच. सुभाष भौमिक यांनी स्पर्धेआधी सगळ्या संघाला एका पंचतारांकित हॉटेलात मुक्कामी ठेवलं, परदेशातून व्यायाम प्रशिक्षक आणला, खाण्यापासून झोपेपर्यंत वेळापत्रक लावलं. भारतीय क्लब फुटबॉलमध्ये तेव्हा हे कुणी करत नव्हतं. त्याच भौमिकांच्या हाताखाली २००२-०३ आणि २००३-०४ अशी सलग दोनदा राष्ट्रीय लीग आली. त्यानंतर पुरुषांचं राष्ट्रीय लीग विजेतेपद आलेलं नाही. एकवीस वर्षं झाली. मधल्या काळात त्याच्या सगळ्यात जवळ सातत्याने कोण पोहोचलं? ट्रेव्हर मॉर्गन, ज्यांना २०१० ते २०१३ असे सलग तीन हंगाम मिळाले. दोनदा उपविजेते, दोन फेडरेशन चषक, आणि त्यांनी बांधलेला संघ २०१३ मध्ये एएफसी चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. आपल्याच दप्तरातला हा दाखला आहे.

आणि सगळ्यात ताजा दाखला तर दोन महिन्यांपूर्वीचा. १८ एप्रिल २०२५, कल्याणी. ईस्ट बंगालच्या मुलींनी ओडिशाला १-० ने हरवून इंडियन विमेन्स लीग जिंकली; गोल सौम्या गुगुलोथचा. नाव तेच, मशालीचं चिन्ह तेच, कार्यकारिणी तीच, भागीदार तोच. फरक एवढाच की गोकुलम केरळला हीच लीग जिंकून दिलेल्या अँथनी अँड्र्यूज यांना आणलं गेलं, आपल्या ओळखीच्या खेळाडूंचा गट त्यांना जमवता आला आणि संघाची बांधणी वेळेत झाली. पुरुष संघाच्या वाट्याला आलेली ओढाताण या मुलींच्या वाट्याला आली नाही. बहुधा त्यांच्या संघाकडे तितक्या नजरा नव्हत्या म्हणून. त्याच आठवड्यात पुरुष संघ भुवनेश्वरला सुपर कपच्या पहिल्याच सामन्यात केरळ ब्लास्टर्सकडून ०-२ ने हरून परत आला.

ब्रुझोन यांच्या बाबतीत घाई होऊ नये, असं हे आकडेच सांगतात. ते आले तेव्हा तक्त्यात शून्य गुण होते. मोहम्मेडनविरुद्ध अर्ध्या तासात दोन लाल कार्डं मिळून नऊ जणांवर आलेला संघ गोल न खाता तासभर तगला, तो त्यांचाच. डिसेंबरमध्ये तलाल गुडघा दुखावून हंगामाबाहेर गेला. त्यानंतरच्याच सामन्यात मध्यंतराला ०-२ मागे असलेला संघ पंजाबला ४-२ ने हरवून गेला, तोही त्यांचाच. अठ्ठावीस गुण हे ईस्ट बंगालचे सुपर लीगमधले आजवरचे सर्वाधिक आहेत. ते पुरेसे नाहीत, हे कुणीही सांगेल. पण शून्यापासून इथवर आलेला रस्ता पुन्हा शून्यावर नेऊन ठेवू नये. राखीव संघातून वर आलेल्या पी. व्ही. विष्णूसारख्या पोरांनी या हंगामात जे पाय दाखवले, त्यांना पुढच्या वर्षी आणखी एका नव्या माणसाची नवी भाषा शिकायला लावू नये.

समर्थकांबद्दल एकच सांगायचं. पाच वर्षं नववा-अकरावा क्रमांक पाहूनही सॉल्ट लेकच्या त्या बाजूला लाल-सोनेरी झेंडे कमी झालेले नाहीत. ज्यांचे आजोबा बारीसाल किंवा ढाक्याहून आले, ती नातवंडं आता बंगळुरूत आणि पुण्यात नोकरी करतात आणि सामन्याच्या रात्री भाड्याच्या खोलीत मोबाइलवर डोळे लावून बसतात. ती आपल्याकडे चषक मागत नाहीत. संघ कोण चालवतंय, एवढं त्यांना कळायला हवं.

म्हणून विनंती अगदी ठोस आहे. येत्या १ ऑगस्टला क्लबचा स्थापना दिन आहे. दरवर्षी त्या दिवशी सत्कार होतात, जुने खेळाडू येतात, भाषणं होतात. यंदा त्या व्यासपीठावरून कार्यकारिणी आणि इमामी या दोघांनी मिळून एकच कागद वाचून दाखवावा. पुरुष संघासाठी खेळाडू घेण्याचा आणि सोडण्याचा अंतिम अधिकार कुणाचा, त्या व्यक्तीचं नाव त्यावर असावं. तो अधिकार २०२८ च्या उन्हाळ्यापर्यंत काढून घेतला जाणार नाही, हे त्यावर असावं. राखीव संघातले किती खेळाडू दरवर्षी मुख्य संघात घेतले जातील, तो आकडा असावा. खाली दोन्ही घरांच्या सह्या असाव्यात, आणि तो कागद क्लबच्या तंबूच्या दारावर लावावा, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक सदस्याला वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरांत.

कळावे,

भारतीय फुटबॉलचा एक मराठी चाहता